अंदाजपंचे लावलेले हर्डल्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रखडलेल्या रस्त्यांच्या कामांवर गेल्या आठवड्यात आपण बातमी दिली होती. मथळा होता 'नागपूरकरांची अडथळ्यांची शर्यत'. बातमी पटली, मथळा नाही पटला. रस्त्यात खड्डा कधी आणि कुठं लागेल याचा काही नेम नसतो. हर्डल्समध्ये तर सगळा नेमच असतो. ४०० मीटरमध्ये दहा हर्डल्स: पहिला ४५ मीटरवर, पुढं दर ३५ मीटरला एक आणि शेवटच्यानंतर ४० मीटर मोकळी धाव. पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंटिमीटर, मैदान मानकापूरचं असो की माँट्रियलचं.

तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली म्हणून हे खटकतं. पोट्ट्यांना मी अमेरिकन धावपटू एडविन मोझेसची गोष्ट हमखास सांगायचो. डेटन गावचा हा मुलगा अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजात भौतिकशास्त्र शिकायला गेला. कॉलेजला स्वतःचा ट्रॅकच नव्हता. मग शहरातल्या सरकारी शाळांच्या मैदानांवर जाऊन सराव करायचा. मार्च १९७६ पर्यंत ४०० मीटर हर्डल्स तो जेमतेम एकदा धावला होता आणि त्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ४७.६३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेऊन आला. दुसरा आलेला सेकंदाहून जास्त मागं होता. मोझेसला तेव्हा एकविसावंही लागलं नसेल असं पोट्टे म्हणायचे. लागलेलं होतं, पूर्ण मात्र झालं नव्हतं.

त्याची सगळी करामत मोजणीत होती. दोन हर्डल्सच्या मध्ये इतरांची चौदा-पंधरा पावलं पडत, दम गेला की आणखी एखादं वाढे. मोझेसची पहिल्यापासून दहाव्यापर्यंत तेराच. ऑगस्ट १९७७ मध्ये बर्लिनला तो हाराल्ड श्मिडकडून हरला. त्यानंतर थेट ४ जून १९८७ रोजी माद्रिदमध्ये डॅनी हॅरिसकडून. मध्ये सलग १२२ शर्यती जिंकला. १९८० चं मॉस्को ऑलिम्पिक अमेरिकेच्या बहिष्कारात गेलं, १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा सुवर्ण. १९८८ ला सोलमध्ये कांस्यच मिळालं, पण वेळ पाहा: ४७.५६. बारा वर्षांपूर्वीच्या सुवर्णापेक्षा सरस!

लॉस एंजेलिस म्हटलं की आपल्याला पी. टी. उषा आठवते. ५५.४२ सेकंद, शतांश सेकंदानं कांस्य हुकलं. तिच्या वेगानं शतांश सेकंदात सात सेंटिमीटर अंतर कापलं जातं. म्हणजे जेमतेम चार बोटं.

आता आपल्याकडचं सांगतो. मागच्या हिवाळ्यात शहरातल्या एका शालेय स्पर्धेत मुलींच्या १०० मीटर हर्डल्सची मांडामांड चालली होती. नियमानं दोन हर्डल्समध्ये साडेआठ मीटर. टेप म्हणे खोलीत राहिला. एक स्वयंसेवक ढांगा टाकत पुढं, दुसरा मागून फक्कीनं खुणा करत. मी म्हटलं, "भाऊ, मोजून लावा ना." उत्तर आलं, "काही फरक नाही पडत सर, पोट्ट्या मारून घेतात उड्या."

मधल्या लेनमधली मुलगी दर दोन हर्डल्समध्ये बरोब्बर तीन पावलं टाकत सुरेख चालली होती. चौथ्याला तिचं तिसरं पाऊल हर्डलच्या पार बुडाशी पडलं, गुडघा पट्टीवर आदळला आणि ती तोंडावर आपटली. नंतर मी टाचेला अंगठा लावत मोजलं, तर तिसऱ्या-चौथ्यातलं अंतर बाकीच्यांहून दोन पावलं कमी भरलं. ज्या मुली पाच-सहा पावलं टाकत, अडखळत पळत होत्या, त्यांचं काही बिघडलं नाही. पडली ती मोजून धावणारी. गुडघ्याला चिकटलेली फक्की पुसत मलाच विचारते, "सर, माझं पाऊल चुकलं का?"

मी नाही म्हटलं, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

यंदाच्या शालेय स्पर्धा तोंडावर आल्या आहेत. आयोजकांकडं टेप नसेल तर माझ्याकडं पन्नास मीटरचा आहे, सकाळी सहाला मैदानावर घेऊन येतो. दुसरं टोक धरायला एक पोट्टा तेवढा द्यावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नागपूर