"ह्यांना पगार कोण द्यायचं?" : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : इतिहासाच्या रिक्त पदांबाबत, आणि एका जर्मन प्राध्यापकाबद्दल

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गात इतिहासलेखनशास्त्र शिकवताना मी रांके या जर्मन इतिहासकारावरून मॉमसेन या दुसऱ्या जर्मन इतिहासकारावर आले. आमच्याकडे रांकेला दोन तास मिळतात, मॉमसेनला जेमतेम एक परिच्छेद. रोमचा इतिहास लिहिला, लॅटिन शिलालेखांचा महासंग्रह उभा केला, १९०२ साली साहित्याचं नोबेल मिळालं, एवढं सांगायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, एवढं सगळं होईपर्यंत ह्यांना पगार कोण द्यायचं?"

कुणी हसलं नाही. मॅडम सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहेत, तास घेतला तरच मानधन मिळतं, आणि तेही महिनोन्‌महिने रखडतं, हे माझ्या वर्गाला ठाऊक आहे. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे बिनपगारी दिवसांत, मी ते शोधत बसले. जे हाती लागलं ते आधी तिला सांगितलं आणि आता तुम्हाला सांगते आहे, कारण तिच्या प्रश्नाचं पुढचं उत्तर तुमच्या खात्याकडे आहे.

टेओडोर मॉमसेन यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८१७ चा, श्लेस्विगमधल्या गार्डिंग गावचा. वडील पाद्री. तो मुलूख तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. कील विद्यापीठात मॉमसेन शिकले ते कायदा. डॉक्टरेट मिळाली १८४३ साली, पण विद्यापीठात जागा नव्हती. मुलींच्या शाळेत शिकवून दिवस काढले. मग डेन्मार्कच्या सरकारनं प्रवासवृत्ती दिली आणि १८४४ च्या अखेरीस हा तरुण इटलीला निघाला. पुढे ज्यांचं नाव जर्मन विद्वत्तेची खूण बनलं, त्यांना पहिला भक्कम हात दिला तो डेन्मार्कच्या तिजोरीनं.

इटलीत सान मारिनोच्या डोंगरावर बार्तोलोमेओ बोर्गेसी नावाचे वृद्ध पंडित राहत. नाणी आणि शिलालेख कसे वाचायचे हे मॉमसेन त्यांच्याकडून शिकले. तोवर शिलालेखांचे संग्रह बरेचसे जुन्या पुस्तकांतल्या नकलांवरून होत. नकलेवरून नकल. सोळाव्या शतकात पिर्रो लिगोरिओ यानं तर मुळात नसलेले शिलालेख शेकड्यांनी रचून ठेवले होते आणि विद्वान ते बिनदिक्कत उद्धृत करत होते. मॉमसेन यांचा आग्रह असा की दगड जिथे असेल तिथे जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, ओला कागद त्यावर बसवून ब्रशनं ठोकून ठसा घ्यायचा. दगडच सापडत नसेल, तर नकल करणारा माणूस किती भरवशाचा हे आधी तपासायचं. मी आणि माझे विद्यार्थी गावाबाहेरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, आजही हेच करतो. तोच ओला कागद, तोच ब्रश.

१८४७ साली त्यांनी बर्लिनच्या विज्ञान अकादमीला एक टिपण सादर केलं : सगळ्या लॅटिन शिलालेखांचा संग्रह कसा करावा, त्याला माणसं किती लागतील, खर्च कसा येईल. अकादमीत चलबिचल होती, कारण पुस्तकांवरूनच संग्रह करू म्हणणारे त्सुम्प्ट हे दुसरे दावेदार होते. मॉमसेन यांनी वाद घालत बसण्यापेक्षा नेपल्सच्या राज्यातल्या शिलालेखांचा खंड एकट्यानं करून १८५२ साली छापून दाखवला. त्यानंतर अकादमीनं काम त्यांच्याकडे सोपवलं.

पण याच काळात त्यांची नोकरी गेली होती, आणि हा भाग मी वर्गात जरा थांबून सांगते. १८४८ साली ते लाइपझिग विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक झाले. ते वर्ष युरोपभरच्या क्रांत्यांचं. राज्यघटना हवी, जर्मनीचं ऐक्य हवं, असं म्हणणाऱ्यांत मॉमसेन होते. त्या वर्षी त्यांनी काही महिने वृत्तपत्रही चालवलं. मे १८४९ मध्ये सॅक्सनीत, म्हणजे लाइपझिग ज्या राज्यात होतं तिथे, उठाव झाला आणि तो चिरडला गेला. मॉमसेन, ओटो यान आणि मोरित्स हाउप्ट या तिघा प्राध्यापकांवर ठपका आला. खटल्यातून मॉमसेन अखेर सुटले, तरी सरकारनं १८५१ मध्ये त्यांना पदावरून काढलंच. वय तेहतीस. पुढे झुरिकनं त्यांना बोलावलं, मग १८५४ मध्ये ब्रेस्लाउनं. प्राध्यापक एका राज्याला नकोसा झाला तर दुसरं दार उघडं होतं, हे त्यांचं नशीब.

रोमच्या इतिहासाचे पहिले तीन खंड आले ते याच अस्थिर वर्षांत, १८५४ ते १८५६. लाइपझिगला ग्राकस बंधू या रोमन सुधारकांवर त्यांनी दिलेलं व्याख्यान ऐकून रायमर आणि हिर्त्सेल या प्रकाशकांनी पुस्तक मागितलं होतं. (रायमर यांची मुलगी मारी हिच्याशी पुढे मॉमसेन यांचा विवाह झाला, त्यांना सोळा मुलं झाली.) या पुस्तकातला रोम चालताबोलता आहे. कॉन्सल या रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला ते सरळ महापौर म्हणतात. प्राचीन माणसांना चौथऱ्यावरून खाली उतरवून आपल्यातलं करायचं हा त्यामागचा हेतू. सीझरवर त्यांचा जीव आणि सिसेरो या रोमन वक्त्यावर राग, इतका की तो मला आजही अन्यायाचा वाटतो. नोबेल मिळालं ते मुख्यतः याच पुस्तकासाठी. तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते.

महोदय, माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं खरं उत्तर १८५८ या वर्षात आहे. बर्लिनच्या अकादमीनं त्यांना संशोधनासाठी पद दिलं. १८६१ मध्ये बर्लिन विद्यापीठात रोमन इतिहासाचं अध्यासन मिळालं, १८६३ मध्ये महासंग्रहाचा पहिला खंड निघाला. १९०३ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हाही काम सुरू होतं. पंचेचाळीस वर्षं प्रशियाच्या राज्यानं (बर्लिन ही त्याचीच राजधानी) एका प्राध्यापकाला आणि त्याच्या कामाला आधार दिला. 'या वर्षी काय निकाल लागला' असं विचारून दर जूनमध्ये त्यांची नव्यानं मुलाखत घेतली असती, तर तो संग्रह नेपल्सच्या पलीकडे गेला नसता. बाल्कनपासून दक्षिण इटलीपर्यंतचे अनेक खंड त्यांनी स्वतः संपादित केले. बाकीच्यांसाठी देशोदेशीचे तरुण तयार केले. १८९० मध्ये अकादमीत बोलताना त्यांनी यासाठी एक शब्द वापरला, 'महाविज्ञान' : जे एका माणसाच्यानं पुरं होत नाही, पण ज्याला दिशा देणारा एक माणूस लागतो, असं ज्ञानाचं काम. महायुद्धं झाली, जर्मनीची फाळणी झाली आणि पुन्हा एकीकरण झालं. तो संग्रह बर्लिनच्या अकादमीत आजही पुढे चालू आहे. सतरा खंड आणि सुमारे एक लाख ऐंशी हजार शिलालेख.

जुलै १८८० मध्ये शार्लोटेनबुर्गच्या त्यांच्या घराला रात्री आग लागली. ग्रंथसंग्रह जळाला, टिपणं जळाली. सगळ्यांत वाईट म्हणजे इतर ग्रंथालयांनी विश्वासानं पाठवलेली हस्तलिखितंही गेली. योर्दानेस या सहाव्या शतकातल्या इतिहासकाराच्या ग्रंथाची हायडेलबर्गची पोथी त्यातच नष्ट झाली. कागद वाचवायला धावताना ते स्वतः भाजले. बासष्ट वर्षांच्या माणसानं इथे थांबायला हरकत नव्हती. दोनच वर्षांनी त्याच योर्दानेसची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती बाहेर पडली. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मंत्र्यांना लिहायचं ठरवलं, ती सांगते. ज्या राज्यानं पगार दिला, त्या राज्याला हा प्राध्यापक घाबरला नाही. १८७९ च्या नोव्हेंबरमध्ये बर्लिन विद्यापीठातलेच इतिहासाचे प्राध्यापक हाइनरिख फॉन ट्राइट्श्के यांनी लेख लिहिला, त्यात 'ज्यू हे आमचं दुर्दैव आहेत' हे वाक्य होतं. पुढे नाझींच्या एका साप्ताहिकानं तेच वाक्य घोषवाक्य म्हणून छापलं. मॉमसेन यांनी १८८० मध्ये त्याला जाहीर उत्तर दिलं. सहकारी आहे, विद्यापीठाची अब्रू आहे, असं म्हणून ते गप्प राहिले नाहीत. १८८१ मध्ये ते राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेवर, निवडून गेले. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याच्या आर्थिक धोरणावर त्यांनी केलेल्या भाषणावरून त्या चान्सलरनं बदनामीचा खटला भरला; १८८२ मध्ये ते निर्दोष सुटले. पद शाबूत राहिलं. लाइपझिगला तीस वर्षांपूर्वी जे झालं ते बर्लिनमध्ये झालं नाही, आणि याचं श्रेय मी त्या राज्यालाही देते.

शेवटचा प्रसंग १९०१ चा. स्ट्रासबुर्ग विद्यापीठात इतिहासाचं एक अध्यासन खास कॅथलिक प्राध्यापकासाठी निर्माण झालं आणि तिथे मार्टिन श्पान यांची नेमणूक झाली. वय सव्वीस, वडील कॅथलिकांच्या सेंटर पक्षाचे मोठे नेते. मॉमसेन यांनी नोव्हेंबरमध्ये म्युनिकच्या वृत्तपत्रात निषेध छापला. त्यांचा मुद्दा असा की संशोधकाला आधीच ठरलेल्या निष्कर्षाच्या दाव्याला बांधून ठेवलं तर विद्यापीठाच्या मुळावर घाव पडतो. तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. याची आपल्या आरक्षणाशी कुणी गल्लत करू नये म्हणून स्पष्ट लिहिते : आरक्षणानं शतकानुशतकं बंद असलेलं दार उघडतं, स्ट्रासबुर्गला मात्र माणसाकडून संप्रदायाला सोयीचा इतिहास अपेक्षित होता.

मॉमसेन यांची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात त्यांनी आल्सास-लोरेन हा फ्रान्सचा मुलूख बळकावण्याची तरफदारी केली. ट्राइट्श्केला उत्तर देतानाही ज्यूंनी आपलं वेगळेपण सोडावं अशी त्यांची अपेक्षा होतीच. १८९७ मध्ये तर चेक लोकांच्या डोक्यात बुद्धी शिरत नाही, तडाखे शिरतात, असं त्यांनी लिहिलं. हे लाजिरवाणं आहे आणि मी ते वर्गात वगळत नाही. अध्यासनाची शाश्वती माणसाला थोर करत नाही. पण ती नसती तर १८८० चं आणि १९०१ चं वाक्य त्यांच्या लेखणीतून उतरलं असतं का, हे तुम्हीच सांगा.

इकडे आपल्याकडे अलेक्झांडर कनिंगहॅम या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञानं १८७७ मध्ये भारतीय शिलालेखांच्या महासंग्रहाचा पहिला खंड काढला, तो लॅटिन महासंग्रहाच्याच धर्तीच्या नावानं. त्या मालिकेतले कलचुरी, वाकाटक आणि शिलाहार हे तीन खंड वा. वि. मिराशी या आपल्या माणसानं केले : १९५५, १९६३, १९७७. या तारखांमधलं अंतर पाहा. एका खंडामागे किती वर्षांचं निवांत काम उभं आहे! मिराशींकडे प्राध्यापकी होती.

हे बोललं की कुणीतरी इतिहासकार वि. का. राजवाड्यांचं नाव घेतं. त्यांनी कुठे पगार मागितला? गावोगाव पायपीट करून दप्तरं मिळवली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढलेच ना? काढले, आणि त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण ती फकिरी त्यांनी स्वतः निवडली होती. सरकारनं तिचं धोरण करू नये.

मी सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे, पीएच.डी. आहे, आणि गेली अकरा वर्षं एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. दर वर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत, नवा आदेश. दर वर्षी मी 'नवीन' असते, म्हणून संशोधन प्रकल्पासाठी अर्ज करता येत नाही. 'नियमित शिक्षक' ही अट आडवी येते. आमच्या विभागातले शेवटचे पूर्णवेळ सर निवृत्त झाले तेव्हा तालुक्यातल्या गद्धेगाळांची (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या कोरीव दगडांची) त्यांची नोंदवही कपाटातून बाहेर निघाली आणि नंतर कुठे गेली ते कुणाला सांगता आलं नाही. ती वही तीस वर्षांची होती. त्यांच्या जागी कुणी आलं असतं तर पहिल्याच दिवशी ती हातात पडली असती.

इतिहासाच्या मंजूर जागा भरा, एवढंच माझं मागणं आहे. बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांची यादी) तपासून, आकृतिबंधाचं (मंजूर पदसंख्येच्या आराखड्याचं) कारण पुढे न करता, ठरलेल्या मुदतीत. जे आज तासिकांवर आहेत त्यांच्या सेवेची वर्षं त्या निवडीत मोजा. मुलाखतीत उमेदवाराचं काम पाहा. त्याचं आडनाव कुठल्या बाजूचं, त्याचा शिवकाल कुणाला आवडेल, हे विचारलं जाणार नाही याची लेखी हमी द्या. नेमणूक झाल्यावर त्याला निदान पाच वर्षं एका कामावर बसू द्या.

ती मुलगी आता सेटची तयारी करते आहे. पावसाळ्यापूर्वी आम्ही दोघींनी मिळून एका ओढ्याकाठच्या लेखाचा ठसा घेतला. शेवटची ओळ अजून लागलेली नाही. असे चौदा ठसे माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत, कारण विभागात त्यांची जबाबदारी घेणारं कुणी कायम नाही. जागा भरली की ती पेटी मी तिथे नेऊन देईन. त्या जागेवर मीच असले पाहिजे असं नाही.

आपली,
इतिहासाची एक तासिका तत्त्वावरची अध्यापिका