गारपिटीचं कारण देवाने कोणाला कळवलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

देवाच्या ज्ञानावर भिस्त ठेवण्याविषयीचा रविवारच्या पुरवणीतला लेख काल वाचला. मीही ख्रिस्ती, मंडळीत वाढलेली, म्हणून चार ओळी लिहिते.

लेखाची सुरुवात बायबलमधल्या नीतिसूत्रे 3:5 या वचनाने झाली, उत्तम. आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नये, माणसाची अक्कल तोकडी, हेही मान्य. पण पुढचा अख्खा रकाना लेखकमहाशय त्याच तोकड्या अकलेने गारपीट का झाली, मोसंबीच्या बागा का झोडपल्या गेल्या, त्यातून कोणाला काय धडा मिळाला, हे सांगत सुटले आहेत. देवाने त्यांना हे कधी कळवलं? आम्हा बाकीच्यांना सांगायचं राहून गेलेलं दिसतं.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा असेच एक वडीलधारे गृहस्थ घरी आले होते. अंगणात चर्चमधून आणलेल्या खुर्च्या, चहाची दुसरी फेरी चाललेली, भावजय भिंतीला टेकून बसलेली. बशीत चहा ओतता ओतता हे म्हणाले, “बाई, यात देवाची योजना आहे. जगला असता तर प्रभूपासून दूर गेला असता.” मग बशी फुंकली आणि प्यायले. भावजय नंतर कित्येक महिने उपासनेला आली नाही. तिच्या विश्वासाची काळजी मात्र हेच गृहस्थ सगळीकडे बोलून दाखवत होते!

त्याच दिवशी नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो ते जालनेकरांना सांगायला नको. शेजारच्या भाभींनी कोणाला न विचारता आमचे हंडे, बादल्या, मागच्या दारचे ड्रम, सगळं भरून ठेवलं. बोलल्या काहीच नाहीत.

बायबलमधल्या ईयोब या नीतिमान माणसावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्रही आधी सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोंडं उघडली आणि बिघडलं. तुझंच काहीतरी पाप असणार, हे ते त्याला पटवत बसले. देवाने ईयोबालाही सुनावलं खरं, पण त्याचा राग भडकला तो या शहाण्यांवर (ईयोब 42:7). आणि एवढं सगळं होऊनही ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. कारण हातात नसताना तो देवापुढे नमला. लेखकांना मात्र आधी कारण हवं, मग विश्वास. 1993 साली किल्लारीच्या भूकंपानंतरही पापाची शिक्षा म्हणणारे भेटलेच होते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते काय इतरांपेक्षा जास्त अपराधी होते? प्रभू येशूनेच हे विचारलं आणि उत्तरही दिलं, नाही. लूकच्या शुभवर्तमानात 13 व्या अध्यायात आहे, पाळकसाहेबांनाही विचारायची गरज नाही.

जाता जाता आणखी एक. दरवर्षी आपल्या अंकात पुढाऱ्यांच्या फोटोंसकट ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ झळकतात. त्या दिवशी आम्ही भर दुपारी तीन तास चर्चमध्ये प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं ऐकत असतो. मयताच्या घरी कोणी शुभेच्छा देतं का? द्यायच्याच तर दोन दिवस थांबून ईस्टरला द्या. जाहिरात विभागाला एवढं कळवाल?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जालना
(कृपया नाव छापू नये.)