आईचा आवाज शोधून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या संग्रहातून आपण माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण शोधून दिलेत, त्याला आता काही आठवडे झाले. तरीही ते ऐकायला बसले की दोन ओव्यांच्या पुढे मला जाता येत नाही. फोनवर आपले आभार नीट मानता आले नाहीत आणि आपण जे केलेत ते इतरांनाही कळावे असे वाटते, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

आई भोर तालुक्यातली. सत्तरच्या दशकात गावातल्या चौघींना सोबत घेऊन ती ओव्या म्हणायला केंद्रावर गेली होती आणि तो कार्यक्रम रेडिओवर लागला होता, एवढेच आम्हा भावंडांना ठाऊक होते. ती गेल्यावर मी ठिकठिकाणी विचारत फिरले. एका कार्यालयातल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितले, की इतके जुने काही राहत नसते. जुने आवाज जपतो म्हणवणाऱ्या एका संस्थेने आधी विचारले, की त्या प्रसिद्ध गायिका होत्या का? या प्रश्नाचा मला अजूनही राग येतो. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्राने १९५५-५६ मध्ये वर्षभर ‘गीतरामायण’ घरोघरी पोहोचवले, हे सर्वांच्या लक्षात आहे आणि ते योग्यच आहे; परंतु अशाच प्रादेशिक केंद्रांनी शेतकरी, शाहीर, भजनी मंडळे आणि आईसारख्या कोणालाही माहीत नसलेल्या बायका यांनाही त्याच आदराने मायक्रोफोनसमोर बसवले, याची आठवण फारसे कोणी काढत नाही.

त्या काळी टेप महाग असे आणि कार्यक्रम प्रसारित झाला की ती पुसून पुन्हा वापरली जाई. आईचा स्पूल उरला तो कोणीतरी मुद्दाम बाजूला ठेवला म्हणूनच. त्या व्यक्तीचे नाव मला कधीच कळणार नाही, तेव्हा तिचेही आभार आपल्यापाशीच मानते.

मात्र सर्वांत मोठे ऋण वेगळेच आहे. गाण्याआधीचे बोलणे, खोकणे संपादनात कापून टाकतात, असे आपणच मला सांगितलेत. या टेपवर ते काही क्षण राहून गेले होते. त्यात आई विचारते, “आता म्हनू का?” आणि कोणीतरी उत्तर देते, “थांबा आजी, लाल दिवा लागू द्या.” आईला तेव्हा ‘आजी’ म्हणण्याइतके वय नव्हते, आणि त्यावर ती हसते. डिजिटल प्रत करताना आपण तो तुकडा काढला नाहीत, उलट मला ऐकवण्याआधी हळूच म्हणालात, “सुरुवातीला आई बोलतात. आधी जरा बसून घ्या.” ओव्या आम्हाला पाठ आहेत, माझी बहीण त्या आजही म्हणते. आईचे बोलणे आणि तिचे हसू मात्र आमच्याजवळ कुठेच नव्हते.

हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते. तो तुकडा वगळला असता तरी कोणाला कळलेही नसते. सरकारी नोकरीत माणसाची माया आटते, असे सर्रास बोलले जाते. यापुढे माझ्यासमोर कोणी तसे म्हटले तर मी आपले उदाहरण देईन. समोरच्याचे दुःख किती मोठे आहे हे न विचारता ओळखणे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नसावेत, आणि तरीही अशी माणसे भेटतात, म्हणून पुन्हा एखाद्या खिडकीशी जाऊन उभे राहण्याचा धीर होतो.

संग्रहातील नोंदीत ‘ग्रामीण महिला व साथीदार’ एवढेच आहे, असे आपण म्हणाला होतात. गावातल्या वृद्ध बायकांना विचारून आईसह पाचही जणींची नावे मी आपल्या केंद्राच्या पत्त्यावर पाठवली आहेत. त्यांपैकी एकीचे माहेरचे आडनाव लिहावे की सासरचे, हे तिच्या मुली ठरवत आहेत. ते कळताच आपल्याला कळवते, म्हणजे नोंद पूर्ण करता येईल.

आपली कृतज्ञ,
एक श्रोती