मृग लागायच्या आत

ती. आई-बाबा,
सा. न.

त्रिमूर्तीनगरातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मी घेतलाय. भाड्याने, दसऱ्यापर्यंतच. अ‍ॅडव्हान्स देऊन झाला, तेव्हा बाबा, आता "कशाला" म्हणू नका. घर विकत नाही आहोत, फक्त कुलूप लावतोय. लिफ्ट आहे, कमोड आहे. कूलरसाठी खिडकी मोजून घेतली. बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, बाबांचा पेपर आणि आईची तुळस दोन्ही तिथे मावतात.

मलाही कळतं की पुराचं पाणी दरवर्षी घरात येत नाही, आणि मोठ्या काकांचं उदाहरण तुम्ही पुढे कराल हेही माहीत आहे. पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आईचा फोन आला तो अजून कानात आहे. "महालक्ष्म्या भिजून राहिल्या रे." आदल्या दिवशीच जेवण झालेलं. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून सांडलेला, आंबिलीचं पातेलं हॉलमध्ये तरंगतंय, आणि तुम्ही दोघं डायनिंग टेबलवर, बोट येईपर्यंत. मी सातशे किलोमीटरवर नुसता फोन धरून बसलेलो. लहानपणी त्याच तलावाचा ओव्हरफ्लो बघायला बाबा खांद्यावर बसवून न्यायचे, आणि मी घाबरून त्यांचे केस ओढायचो.

फ्लॅटवर जाईपर्यंत एवढं कराच. रजिस्ट्री, आधार, पासबुकं आणि बाबांच्या बीपीच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, दाराशी. पाणी अंगणात दिसलं की लगेच मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद. घरात शिरल्यावर मात्र स्विचला हात लावायचा नाही, सरळ वरच्या मजल्यावर जायचं. फ्रिज वाचवायला बाबा, मागच्यासारखं खाली उतरायचं नाही. ११२, नाहीतर जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, ॲम्ब्युलन्सला १०८. कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहा, अंधारात चष्मा सापडत नाही. फोनवर "दोन म्हातारी माणसं, एकीचे गुडघे दुखतात" असं स्पष्ट सांगायचं. रागावू नका, सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

आई, महालक्ष्म्या दुसऱ्याच्या घरात कशा बसवायच्या म्हणशील. मालकीणबाईंना विचारलंय. "आम्हाला प्रसाद द्या म्हणजे झालं," म्हणाल्या.

शनिवारी येतोय, खोकी मी आणतो. मुखवटे टेम्पोत नको, मांडीवर घेऊन बसेन.

तुमचा,
बंटी