टॉरवाला राउटर अपडेट करताय? आधी बॅकअप घ्या

संपादक साहेब,

घरचं सगळं इंटरनेट टॉरमधून, म्हणजे ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून, फिरवणारा एक छोटा राउटर माझ्याकडे आहे, दोन वर्षं तसाच धूळ खात चालू होता, परवा अपडेट करायला बसलो आणि सेटिंगचा बॅकअपच घ्यायला विसरलो, वायफायचं नाव-पासवर्ड सगळं उडालं, बायकोची मालिका अडकली, पुढचं विचारू नका! पण करायलाच हवं हो. टॉर तीन रिलेमधून (मधल्या सर्व्हरमधून) ट्रॅफिक नेतं, खरा आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) लपतो, तरी जुन्या व्हर्जनमधली भोकं उघडीच राहतात, शिवाय टॉरवरच्या साइट्सचे जुने १६ अक्षरी ओनियन पत्ते २०२१ मध्येच बंद झाले, आता ५६ अक्षरी. अपडेटची फाईल उतरवली की चेकसम (फाईल जशीच्या तशी आली का हे दाखवणारा कोड) जुळवा, आणि मधेच लाईट गेली तर डबा कायमचा झोपू शकतो, म्हणून यूपीएसवर लावा. मी आता लावलाय.

एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा