नाक्याची फाईल माझ्याकडे आली

नागपूर, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

आपल्या नाक्याच्या सुधारणेचा आराखडा तपासणीसाठी माझ्या टेबलावर आला आहे. घरात सांगितलं तर सगळे "बरं" म्हणाले आणि जेवायला बसले. यात काय आहे ते कळणारा तू एकटाच. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तब्येती ठीक. आईची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ अधूनमधून धरते, चालायचंच.

तर ऐक. आत्ताचा पूल आहे, त्याला छेदून वरून रिंग रोडच्या दिशेने दुसरा पूल टाकायचा, हा आराखडा. गणित असं मांडलंय: सगळ्या बाजूंची मिळून वाहतूक तासाला १०,००० पीसीयूच्या (म्हणजे सगळी वाहनं कारच्या हिशेबात मोजून येणाऱ्या आकड्याच्या) वर गेली की इंटरचेंजचा, म्हणजे प्रवाह वरखाली वेगळे करणाऱ्या पुलांचा, विचार करावा, असं आयआरसीचं, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं, म्हणणं, आपली बेरीज वर गेली, म्हणून पूल. पण दिल्या, कोण कुठून आला आणि कुठे वळला, ते बेरजेत दिसतच नाही. त्यासाठी वळणारी वाहनं वेगळी मोजावी लागतात. ती मोजणी यांनी केली मे महिन्यात! कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे ट्रक केव्हा येतात हे नागपुरात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. आंबिया बहाराची फळं नोव्हेंबर-डिसेंबरला, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चला. मे महिन्यात मोजणार काय, रिकामा डांबरी रस्ता?

मोजणीवरून आठवलं. आपण दोघं नाक्यावर वाहनं मोजायचो तेव्हा पीसीयूचा हिशेब असा: ट्रकला ३, कारला १, स्कूटरला अर्धा आणि बैलगाडीला ८. दुरून बैलगाडी दिसली की तू "आठ आले, आठ आले" म्हणून ओरडायचास आणि पानठेल्यावरची माणसं बघत राहायची. त्या गाडीवानाला शेवटपर्यंत कळलं नाही की हा पोरगा आपल्याला पाहून एवढा खूश का होतो.

परवा सकाळी त्याच पानठेल्याजवळ जाऊन उभा राहिलो. कोंडी चौकात नाहीच रे. ती पुलाचा रॅम्प, म्हणजे उतार, खाली उतरतो तिथे आहे. पुलावरून उतरलेला ट्रक कळमन्याला जायला डावीकडे येऊ बघतो, आणि खालून आलेल्या ऑटो-बसला हायवेला लागायला उजवीकडे सरकायचं असतं. थोडक्या लांबीत दोन्ही प्रवाह कात्रीसारखे एकमेकांना छेदतात. बस थांबाही नेमका त्याच तुकड्यात. पुढे दुभाजकाला फट, तिच्यातून मोटरसायकली उलट्या घुसतात. एक ट्रक अडला की मागची रांग पुलावर चढते, आणि सरळ जबलपूरला निघालेला माणूस विनाकारण अडकतो. आता दुसऱ्या पुलाचा रॅम्पही याच तुकड्यात उतरवलाय! वरचे सुसाट येतील आणि इथे येऊन तुंबतील.

तुझ्या क्लोव्हरलीफवर मी भांडलो होतो ते याच मुद्द्यावर, आठव. व्हीआरसीईच्या, आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, शेवटच्या वर्षाला तू ती चार पाकळ्यांची देखणी आकृती काढलीस. मी म्हणालो, एका लूपमधून, म्हणजे पाकळीच्या गोल वळणातून, बाहेर येणारा आणि पुढच्या लूपमध्ये शिरणारा एकमेकांना आडवे जाणार, आणि चार लूपना जमीन कुठून आणशील? तू आठवडाभर बोलला नाहीस, कँटीनमध्ये पाठ करून बसायचास. अजूनही म्हणतो, माझंच खरं होतं.

माझ्या मते आधी बस थांबा कोंडीच्या पुढे न्यावा, दुभाजकाची फट बंद करावी, बाजाराच्या ट्रकांना रॅम्पच्या आधीपासून वेगळी लेन द्यावी आणि लांब पल्ल्याचे ट्रक आऊटर रिंग रोडकडे वळवावेत. मग ऐन हंगामात मोजावं. तरीही पूल लागला तर बांधा, पण रॅम्पचं तोंड लांब न्या. हे बोललो तेव्हा बैठकीत एक वरिष्ठ हसून म्हणाले, "बस थांबा सरकवल्याचं उद्घाटन कोण करील?" सगळे हसले. मला नाही हसू आलं. बाजारात जाणाऱ्या बायका डोक्यावर पाटी घेऊन तो रस्ता ओलांडतात. त्यांच्यासाठी आराखड्यात एका ओळीचा पादचारी पूल आहे. ओझं घेऊन कोण ते जिने चढणार?

२०१६ मध्ये छत्रपती चौकातला पूल पाडला, तेव्हा तू इथेच होतास. मेट्रो येणार म्हणून उभा, चालता पूल तोडावा लागला. मग त्याच वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर झाला, एकाच खांबांवर खाली गाड्या आणि वर मेट्रो. तो चांगलाच झाला, मी रोज त्यावरून जातो. पण त्या दिवशी ब्रेकर चालताना तुझा चेहरा उतरला होता. आपल्या नाक्यावर तसं व्हायला नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

गुरुवारी बैठक आहे. लेखी विरोध नोंदवावा असं मनात आहे. बायको म्हणते, तीन वर्षं राहिलीत नोकरीची, कशाला? तू काय म्हणशील ते मला जवळजवळ ठाऊक आहे, तरी तुझ्याकडून ऐकायचंय.

मुलीचं ठरलं हे काकूंकडून कळलं. फार आनंद झाला. तारीख कळव, आम्ही सगळे येतो. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन लग्नाआधी करणार की नंतर? नव्या घराचे फोटो पाहिले, गच्ची झकास आहे.

आपल्या मोजणीच्या वह्या तुझ्याकडेच आहेत. हिवाळ्यातल्या वळणांच्या पानांचे फोटो बुधवारपर्यंत पाठव. तेव्हाही उजवीकडे-डावीकडे हेच ट्रक होते, हे मला कागदावर दाखवायचंय.

तुझा,
नंदू