सर्टिफिकेटची मुदत टिपणीसाठी थांबत नाही

संपादक महोदय,

निकालाच्या दिवशी विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडेना की खुलासा ठरलेला: सर्व्हरवर ताण आला. ताण येतोही. पण ब्राउझर 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर दोष ताणाचा नव्हे. बहुतेक वेळा एसएसएल सर्टिफिकेटची (संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) मुदत संपलेली असते, आणि ती तारीख पहिल्या दिवसापासून माहीत असते.

हे सर्टिफिकेट मार्च २०२६ पर्यंत जास्तीत जास्त ३९८ दिवसांचे मिळे. कोटेशन, टिपणी, कुलसचिवांची सही, लेखा विभाग हा फेरा वर्षातून एकदा कसाबसा उरकायचा. १५ मार्च २०२६ पासून कमाल मुदत २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस. सत्तेचाळीस दिवसांत आपल्याकडे टिपणी दुसऱ्या टेबलावर पोचली तरी पुष्कळ!

त्यामुळे नूतनीकरण आपोआपच व्हायला हवे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे ९० दिवसांचे सर्टिफिकेट फुकट मिळते. ते आणणारा सर्टबॉट हा प्रोग्रॅम रोज दोनदा तपासतो आणि महिनाभर उरला की नवे आणतो. तरी तो बसवून निर्धास्त होता येत नाही. नवी फाइल डिस्कवर आली, तरी रीलोड होईपर्यंत एनजिनएक्स (संकेतस्थळ चालवणारा वेब सर्व्हर) जुनेच सर्टिफिकेट दाखवतो. रीलोडची आज्ञा सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञेत, घालावी लागते. कॅम्पसच्या फायरवॉलने ८० नंबरचा पोर्ट अडवला असेल तर डोमेन आपलेच असल्याची नेहमीची पडताळणी फसते, तिथे ती डीएनएसमार्फत (डोमेनच्या नोंदींतून) करावी. लॉग (सर्व्हरच्या नोंदींची फाइल) वाढून डिस्क भरली तर नवी फाइल लिहिलीच जात नाही. अशा वेळी लॉग नुसता डिलीट करून जागा सुटत नाही, कारण चालू सर्व्हरने ती फाइल उघडी धरलेली असते. जुने लॉग वेळोवेळी बाजूला काढणारा लॉगरोटेट आधीच लावलेला हवा. फुलचेनऐवजी (मधल्या सर्टिफिकेटांसह असलेल्या फाइलऐवजी) एकटे सर्टिफिकेट जोडले, तर संकेतस्थळ ऑफिसच्या संगणकावर उघडते आणि विद्यार्थ्याच्या मोबाइलवर नाही. ही तक्रार मग कोणी खरीच मानत नाही.

मुदतीची आठवण करून देणाऱ्या ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केल्या. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून रोज ४४३ पोर्टवर, म्हणजे ब्राउझर जिथे जोडतो तिथे, प्रत्यक्ष दिसणारी तारीख तपासावी. डिस्कवरची फाइल पाहून उपयोग नाही. वीस दिवसांहून कमी उरले तर इशारा विभागाच्या सामाईक पत्त्यावर जावा, कंत्राट संपवून गेलेल्या एखाद्या अभियंत्याच्या नव्हे.

विद्यापीठांनी देखभालीच्या पुढच्या निविदेतच परीक्षा, प्रवेश, निकाल अशा सर्व उपडोमेनची यादी, स्वयंचलित नूतनीकरण आणि दर निकालाआधी सर्टबॉटची ड्राय-रन चाचणी (नूतनीकरणाची रंगीत तालीम) या अटी घालाव्यात.

– एक सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, पुणे